फेरीबोटीत मात्र

वीस वर्षं फळ्यावर मी तोच कान काढत आले.
बाहेर पाळी, आत शंख,
आणि मधल्या रिकाम्या खोलीत
हातोडा, ऐरण, रिकीब.
लोहाराचं दुकान आणि दारात घोडा,
असं म्हटलं की मुलं हसतात, लक्षात ठेवतात.

रोशेलने एकदा विचारलं होतं,
"बाई, तीन कशाला? एक पुरलं नसतं?"
"पुढच्या वर्गात शिकाल," म्हणाले.
पुढचा वर्ग माझ्याकडे नसतो.

धाकट्याच्या बाळंतपणानंतर
घर हळूहळू कापसात गुंडाळत गेलं.
आधी पदेराच्या सायकलचा भोंपू गेला,
मग दुधाचं उतू जाणं,
मग नवऱ्याची वाक्यं, शेवटाकडून कुरतडल्यासारखी.
माझा आवाज मला मात्र दणदणीत;
चकली चावली की डोक्यात खडी फुटायची.
म्हणून मी हळू बोलू लागले.
"बाई, मोठ्याने," मागचा बाक म्हणायचा,
तेही मला ओठांवरून कळायचं.

गंमत अशी, की रायबंदरच्या फेरीबोटीत
मला सगळं ऐकू यायचं.
इंजिन धडधडतंय, लोक एकमेकांवर ओरडतायत,
आणि मी एकटी निवांत शब्द न शब्द टिपतेय,
कुणाचा व्हिसा, कुणाची म्हैस, कुणाचा जावई.
गोंगाट माझ्या दाराशीच अडायचा,
त्याच्यावर चढवलेला आवाज तेवढा आत यायचा.

बांबोळीला डॉक्टर लविनिया मिनेझिसनी
नादकाटा वाजवून कानासमोर धरला.
काही नाही.
कानामागच्या हाडावर टेकवला.
तो बोलला.
"पडदा चांगला, नस चांगली. रिकीब अडकलीय."
अर्ध्या तांदळाएवढं हाड,
त्याच्या तळाभोवती नवं हाड वाढलेलं.
माझ्याच आकृतीतलं तिसरं.

परतताना दिवाडीच्या बाजूने पाणी बघत राहिले.
धक्क्यावरून कुणी कितीही हाक मारो,
खालच्या माशाला काय त्याचं?
हवेतला आवाज पाण्यावर आपटून
जवळजवळ सगळा माघारी जातो.
आणि शंखात तर पाणीच.
ड्रॉइंग पिन आठव, रोशेल:
अंगठ्याचा जोर चपट्या माथ्यावर, आणि टोकाशी तो सगळा गोळा.
पडदा रुंद, खिडकी बारीक, सतराएक पटीने.
वर हातोड्याचा दांडा जरासा लांब, तरफेसारखा.
तेवढ्याने पाणी हलतं.
बेडकाला एकच हाड असतं, कोंबड्यालाही.
त्यांचं भागतं.
आपल्याला कुजबूजही हवी होती,
डासाची गुणगुणसुद्धा.
तू आता लिस्बनला असतेस म्हणे.

खाजनाच्या बांधावर इनासबाब
मानशीची फळी सोडवत होता.
लाकूड फुगून चौकटीत बसलेलं, शिंपल्यांनी धरलेलं.
बाहेर भरती पूर्ण, आतलं पाणी ढिम्म.
त्याने ठोकलं नाही.
कडेकडेने खरवडलं, तेल सोडलं, विडी ओढली.
"ठोकली तर फुटेल," असं बहुतेक म्हणाला.
त्या दिवसांत मी बहुतेकवरच जगत होते.

ऑपरेशन जागेपणीच झालं.
रिकिबीच्या जागी तारेचा एक आकडा,
खाली शिवणसुईएवढा दट्ट्या.
तो बसला त्या क्षणी
कुठेतरी रबर चिरकलं.
"काय ऐकू आलं?"
"तुमचा हातमोजा," मी म्हणाले,
आणि माझा आवाज पहिल्यांदा
डोक्याबाहेरून आला.

महिन्याभराने फेरीबोट.
इंजिन आता पुरतं आत शिरलं,
साखळ्या, हॉर्न, रॅम्प पडताना लोखंडाची आरोळी.
शेजारी फेलिसियाना, टोपलीत बांगडे,
हात हलवून काहीतरी जावयाबद्दल सांगत होती.
"काय?" मी ओरडले.
"काय?" ती ओरडली.